दुभंगलेला ओठ-टाळू आणि मानेचे मणके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांचे दात आणि जबडे पाहणं हे माझं रोजचं काम. त्यासाठी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढावाच लागतो आणि त्या फिल्मच्या खालच्या कोपऱ्यात मानेचे वरचे तीन-चार मणके आपोआप येतात. सुरुवातीची काही वर्षं मी त्यांच्याकडे धड पाहतही नव्हते. एका मुलाच्या जबड्याचे कोन मी दोन वर्षं मोजत राहिले, आणि त्याच फिल्ममध्ये त्याचे दोन मणके एकमेकांना चिकटलेले आहेत हे शेवटी भूलतज्ज्ञांनी दाखवलं. त्याला काही इजा झाली नाही. पण तेव्हापासून मी दातांआधी मान पाहते आणि पालकांनाही पाहायला लावते. त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ओठ-टाळू कुठे आणि मान कुठे! यांचा संबंध येतो कुठून?

वेळेतून. गर्भाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू सहाव्या आठवड्यापासून पुढे जुळत जाते. मानेचे मणकेही त्याच सुमारास आकार घेत असतात. पाठीच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पेशींचे छोटे ठोकळे ओळीने तयार होतात. एका ठोकळ्याचा खालचा अर्धा भाग आणि त्याच्या खालच्या ठोकळ्याचा वरचा अर्धा भाग मिळून एक मणका बनतो. ही तोडजोड अर्धवट राहिली तर दोन मणके कायमचे एकसंध राहतात. प्रत्येक मणक्याच्या मागच्या कमानीचे उजवा-डावा असे दोन हात असतात. ते मागे मधोमध येऊन भेटले नाहीत तर तिथे फट राहते. टाळूचंही असंच आहे. दोन्ही बाजूंचे पडदे मधल्या रेषेत भेटले तर टाळू अखंड होते, नाही तर दुभंगलेली राहते.

आणखी एक विचार मांडला जातो. सुरुवातीला गर्भाचं डोकं छातीला टेकलेलं असतं. आठव्या आठवड्याच्या सुमारास मान सरळ होऊ लागते, खालचा जबडा पुढे वाढतो, जीभ खाली बसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबणारे टाळूचे पडदे आडवे होऊन जुळतात. मान सरळ झाली नाही तर जीभ मधेच अडून राहील आणि पडद्यांची भेट चुकेल, असा हा तर्क. प्रत्येक मुलाच्या बाबतीत तो लागू पडतो असं नाही. पण मान आणि टाळू एकमेकांपासून वाटतात तितक्या लांब नाहीत, एवढं त्यावरून नक्की कळतं.

म्हणजे माझ्या बाळाच्या मानेत दोष असणारच का?

नाही. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते आणि त्यातल्या बहुतेकांची मान अगदी नेहमीसारखी असते. इतर मुलांच्या तुलनेत या मुलांमध्ये मणक्यांचे जन्मजात फरक जास्त आढळतात, हे मात्र वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. टक्केवारी विचाराल तर प्रत्येक पाहणीत वेगळी. कुणी कमानीतली बारीक फटही मोजतं, कुणी फक्त जुळलेले मणके मोजतं. कुणी साध्या एक्स-रेवर पाहतं, कुणी सीटी स्कॅनवर. मुलं किती वयाची होती यानेही आकडा बदलतो. म्हणून इंटरनेटवर एखादा मोठा आकडा वाचून धास्तावू नका. आणि आढळणाऱ्या फरकांपैकी बरेचसे जन्मभर काहीही त्रास देत नाहीत.

मानेत नेमकं काय काय आढळतं?

मानेत सात मणके असतात. वरचे दोन बाकीच्यांपेक्षा निराळे. पहिला, अ‍ॅटलास, म्हणजे जवळपास एक कडं, ज्यावर कवटी टेकते. दुसरा, अ‍ॅक्सिस. त्यातून खुंटीसारखं एक हाड वर निघतं आणि त्या खुंटीभोवती अ‍ॅटलास फिरतो. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातली जवळपास निम्मी हालचाल या एकाच जोडीत होते. ओठ-टाळूच्या मुलांमध्ये फरक दिसतो तोही बहुधा वरच्याच मणक्यांत.

सगळ्यात निरुपद्रवी फरक म्हणजे अ‍ॅटलासच्या मागच्या कमानीत राहिलेली फट. तिथे हाड नसलं तरी चिवट पडदा असतो. एकटी फट सहसा काही करत नाही.

दुसरा प्रकार जुळलेल्या मणक्यांचा. ही जोडी बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याची असते. एक्स-रेमध्ये दोन मणक्यांच्या मधे दिसायला हवी ती काळी पट्टी दिसत नाही, किंवा नुसती रेघ दिसते, आणि मागच्या बाजूची हाडं एका पानासारखी सलग वाटतात. एकच जोडी असेल तर मुलाला पत्ताही नसतो, कारण बाकीचे सांधे हालचाल सांभाळून घेतात.

तिसऱ्या प्रकारात अ‍ॅटलास कवटीच्या तळालाच चिकटलेला असतो. त्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. त्याच्या जोडीला दुसरा-तिसरा मणकाही जुळलेला असेल तर हालचालीचा सगळा ताण मधल्या एकाच सांध्यावर पडतो आणि तो काळाच्या ओघात सैल होऊ शकतो.

चौथा प्रकार खुंटीचा : ती आखूड असणं, किंवा तिचा वरचा भाग सुटा राहणं. हा क्वचित आढळतो, पण सगळ्यात जपून हाताळावा लागतो. खुंटीच्या अगदी मागे मज्जारज्जू असतो आणि खुंटीचा आधार गेला की अ‍ॅटलास पुढे-मागे सरकू शकतो.

डॉक्टरांनी ‘क्लिपेल-फील’ असं लिहून दिलंय. ते काय?

मानेचे दोन किंवा अधिक मणके जन्मापासून जुळलेले असण्याला हे नाव आहे. १९१२ साली मोरिस क्लिपेल आणि आंद्रे फील या दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. आखूड मान, मागे खालपर्यंत उतरलेली केसांची रेषा आणि कमी वळणारी मान ही तीन लक्षणं पुस्तकात एकत्र दिलेली असतात. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी जणांमध्ये ती तिन्ही एकत्र सापडतात. ‘मान तर चांगली लांब आहे, मग हे कसं असेल?’ असं म्हणून ते बाजूला टाकू नका.

निदान झालं की मानेपाशी थांबायचं नसतं. मूत्रपिंडं सोनोग्राफीवर पाहून घ्यायची, कारण एखादं मूत्रपिंड नसणं किंवा जागेवर नसणं यात जास्त आढळतं. पाठीचा कणा वाकडा आहे का, एक खांदा वर ओढल्यासारखा आहे का, हृदयात काही आहे का, हेही तपासायचं. आणि कान. दुभंगलेल्या टाळूच्या जवळपास प्रत्येक मुलाच्या मधल्या कानात कधी ना कधी पाणी साठतं, त्यामुळे ऐकू कमी येतंय म्हटलं की सगळे त्या पाण्याकडेच बोट दाखवतात. क्लिपेल-फीलमध्ये मात्र आतल्या कानामुळे किंवा नसेमुळे येणारा बहिरेपणाही असू शकतो. पाणी काढून नळी बसवली, तरी मूल हाकेला वळत नाही, तर नसेची चाचणी मागून घ्या.

ओठ-टाळू आणि मान दोन्हींत दोष सापडले तर एखादा सिंड्रोम आहे असं समजायचं का?

समजायचं नाही, पण शोधायचं नक्की. सिंड्रोम म्हणजे एकाच मूळ कारणाने शरीरात बऱ्याच ठिकाणी एकत्र दिसणारे दोष. नुसता ओठ दुभंगलेल्या मुलांपेक्षा नुसती टाळू दुभंगलेल्या मुलांमध्ये सिंड्रोम जास्त सापडतात. बावीसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो त्या विकारात टाळू नीट काम करत नाही, हृदयाचे दोष असतात आणि मानेच्या मणक्यांतले फरक तर फारच जास्त दिसतात. त्या मुलांच्या मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या कधी कधी घशाच्या मागच्या भिंतीपाशी, मध्याकडे सरकलेल्या असतात. घशाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला हे आधी माहीत असायलाच हवं. गोल्डनहार सिंड्रोममध्ये चेहऱ्याची एक बाजू लहान, कानाची ठेवण वेगळी आणि मणक्यांचे दोष असं एकत्र येतं. एपर्ट सिंड्रोममध्ये बोटं जुळलेली असतात आणि मानेचे खालचे मणकेही. स्टिकलर सिंड्रोममध्ये लहान जबडा, दुभंगलेली टाळू, जास्त नंबरचा चष्मा आणि कण्यातले बदल दिसतात. यात डोळ्यांची तपासणी चुकवू नका, डोळ्याचा आतला पडदा सुटण्याचा धोका असतो.

घरी आम्हाला काही कळू शकेल का?

कधी कधी डॉक्टरांआधी घरच्यांना कळतं. वर सांगितलेला मुलगा वेटिंग रूममध्ये बसला की आईने मागून हाक मारल्यावर मान वळवायचा नाही, खांद्यांसकट सगळा वळायचा. आई म्हणायची, ‘हा असाच वळतो, आळशी आहे.’ मीही हसून सोडून दिलं होतं. आता मी प्रत्येक मुलाच्या मागे जाऊन त्याला नावाने हाक मारते. दोन्ही बाजूंनी. एवढी साधी तपासणी, पैसे लागत नाहीत.

घरी करून पाहा : खांदे हलू न देता हनुवटी दोन्ही खांद्यांकडे सारखीच जाते का? छताकडे पाहताना मूल पाठ मागे टाकतं का? डोकं सतत एकीकडे कललेलं असतं का? जुन्या फोटोंमध्येही ते तसंच दिसतं का? मुलाला स्वतःहून वळू द्या. तुम्ही हाताने मान वळवून पाहू नका.

एक्स-रे कुठल्या वयात काढायचा?

या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे, कारण इथे घोळ फार होतात.

लहान मुलाचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. अ‍ॅटलासची मागची कमान तीन-चार वर्षांपर्यंत जुळते, पुढचा भाग सहा-सात वर्षांच्या सुमारास. खुंटी आणि तिच्या खालचा दुसऱ्या मणक्याचाच मुख्य भाग यांच्यातली रेघ साधारण सहाव्या वर्षापर्यंत दिसू शकते. खुंटीचं टोक तर वेगळा दाणा म्हणून उगवतं आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास जुळतं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या फिल्ममध्ये ‘फट’ दिसली तर ती बहुधा फट नसते, अजून हाड न झालेला कूर्चेचा भाग असतो. रेघ पाहून फ्रॅक्चर समजलं जातं, तेही यामुळेच. आठ वर्षांखालच्या मुलांमध्ये दुसरा मणका तिसऱ्यावर किंचित पुढे सरकल्यासारखा दिसतो. सांधे ढिले असतात म्हणून, तेही बहुतेक वेळा स्वाभाविक.

उलटही होतं. दोन मणके जुळलेले असूनही लहानपणी मधे कूर्चा असल्याने ते सुटे दिसतात आणि वय वाढेल तसं खरं चित्र उघडं पडतं. म्हणून एक वर्षाच्या वयातला ‘नॉर्मल’ हा शेवटचा शब्द मानू नका.

लक्षणं नसतील तर फक्त मानेसाठी तान्ह्या बाळाचा एक्स-रे काढण्याची गरज सहसा नसते. हिरडीत हाड भरण्याचं ऑपरेशन साधारण ८ ते ११ वर्षांदरम्यान होतं. त्याआधी दातांसाठी बाजूचा एक्स-रे निघतोच, त्यावर मणके पाहून घ्यायचे. काही ठिकाणी गळ्याला शिशाचा पट्टा बांधतात आणि त्याने तिसऱ्या मणक्याखालचं सगळं झाकलं जातं. थायरॉइडच्या रक्षणासाठी तो असतो, काढायला लावू नका. पण फिल्मवर जे दिसलंच नाही ते ‘ठीक आहे’ असंही कुणी म्हणू नये. संशय असेल तर मानेचा स्वतंत्र एक्स-रे काढावा. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेल्या दोन फिल्म्सवर अ‍ॅटलास आणि खुंटी यांच्यातलं अंतर मोजतात. मोठ्यांमध्ये ते ३ मिलिमीटर आणि मुलांमध्ये ५ मिलिमीटरपर्यंत चालतं. हाडांची रचना सीटीवर, मज्जारज्जू एमआरआयवर.

किरणांमुळे अपाय नाही ना होणार?

साध्या एक्स-रेचा डोस अगदी कमी असतो. सीटीचा त्याहून बराच जास्त, म्हणून तो ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून काढायचा नाही. एमआरआयमध्ये किरण नसतात, पण लहान मुलाला बहुधा झोपवावं लागतं.

ऑपरेशनच्या वेळी मानेचा काय संबंध?

फार मोठा. हे पान लिहिण्याचं मुख्य कारण हेच आहे.

टाळूचं ऑपरेशन साधारण ९ ते १८ महिन्यांच्या वयात होतं. टेबलावर बाळाच्या खांद्यांखाली उशी देतात आणि डोकं मागे झुकवतात, म्हणजे टाळू सर्जनच्या डोळ्यांसमोर येते. त्याआधी श्वासनलिकेत नळी घालतानाही मान हलते. भुलेत स्नायू ढिले पडतात. जागेपणी मूल स्वतःच्या मानेला जपतं, भुलेत ते जपणं थांबतं. नेहमीच्या मानेला याचं काही वाटत नाही. पण वरचा सांधा सैल असेल तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, आणि मणके जुळलेले असतील तर मान मागे जातच नाही, नळी घालणं अवघड होतं.

आधी माहीत असेल तर उपाय आहेत. भूलतज्ज्ञ कॅमेऱ्याच्या मदतीने नळी घालतात, एक जण डोकं मधोमध स्थिर धरून ठेवतो, उशी पातळ घेतात, डोकं कमी झुकवतात. सर्जनला थोडं अडचणीत काम करावं लागतं, ते करतात. म्हणून तुम्हाला तीन वाक्यं सांगायची आहेत : मान कमी वळते, जुना एक्स-रे हा आहे, कुटुंबात किंवा बाळाला अमुक सिंड्रोम सांगितलाय. ही वाक्यं सर्जनला सांगितली म्हणजे झालं असं धरू नका. भूलतज्ज्ञांना वेगळं सांगा, आदल्या दिवशीच्या तपासणीत, फिल्म हातात देऊन. दातांच्या खुर्चीतही तसंच. डोकं फार मागे टाकायचं नसेल तर आम्हाला नुसतं म्हणा, आम्ही गुंडाळलेला टॉवेल मानेखाली ठेवतो.

घशाच्या ऑपरेशननंतर मुलाची मान वाकडी झाली आहे. झोपेत अवघडली असेल का?

असेलही, पण तसं गृहीत धरू नका. घशात जंतुसंसर्ग झाल्यावर, किंवा टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड, टाळू, घशाची मागची भिंत यांच्यावर ऑपरेशन झाल्यावर, कधी कधी आसपासची सूज वरच्या मणक्यांच्या बंधांपर्यंत पोचते. ते ढिले होतात आणि अ‍ॅटलास फिरलेल्या अवस्थेत अडकतो. याला ग्रिझेल सिंड्रोम म्हणतात. मूल डोकं एकीकडे कलवून हनुवटी दुसरीकडे करून बसतं, सरळ करायला गेलं की रडतं. लवकर ओळखलं तर औषध, विश्रांती आणि मऊ कॉलर यावर बहुतेक वेळा भागतं. आठवडेन् आठवडे गेले तर ट्रॅक्शन (दवाखान्यात वजन लावून मानेला हळूहळू ताण देणं), कधी ऑपरेशनही लागतं. शेकू नका, चोळू नका, ओढू नका. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा.

मुलगी नाकातून बोलते. त्याचा मणक्यांशी संबंध असू शकतो?

असू शकतो. बोलताना मऊ टाळू वर उचलली जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकते आणि नाकाकडची वाट बंद होते. ती भिंत पहिल्या मणक्याच्या समोरच असते. मणक्यांची ठेवण बदलली की घशाची खोली बदलते, आणि खोली जास्त असेल तर चांगली शिवलेली टाळूही भिंतीपर्यंत पोचत नाही. मुख्य कारण बहुतेक वेळा टाळूची लांबी आणि हालचाल हेच असतं. पण दुसऱ्या ऑपरेशनचा विचार चालला असेल तर बाजूच्या एक्स-रेवर ही खोली आणि मणके दोन्ही पाहून घेणं योग्य.

दातांच्या उपचारात काही बदलतं का?

थोडंसं. जबडा अजून किती वाढणार याचा अंदाज आम्ही दुसऱ्या ते चौथ्या मणक्याच्या आकारावरून बांधतो. ते जुळलेले असतील तर हा अंदाज चुकतो. अशा वेळी हाताच्या पंजाचा एक्स-रे घेतात.

खेळायला पाठवायचं का?

बहुतेक मुलांना हो, आणि मनापासून हो. कमानीतली फट किंवा एकच जुळलेली जोडी असेल, मान चांगली वळत असेल, सांधा स्थिर असेल, तर मुलाला घरात बसवणं हा अन्याय आहे. सांधा सैल असेल, बरेच मणके सलग जुळलेले असतील किंवा अ‍ॅटलास कवटीला चिकटलेला असेल, तर कुस्ती, कबड्डी, रग्बी, कोलांटउड्या, उथळ पाण्यात सूर मारणं हे बंद. पोहणं, धावणं, सायकल यांचा निर्णय कण्याच्या डॉक्टरांबरोबर एकेका खेळाचं नाव घेऊन करा. ‘जपून खेळ’ या सल्ल्याचा मुलाला काहीच उपयोग नसतो.

मान मोडून घेणं, झटका देऊन ‘बसवणं’, हे मात्र यातल्या कुणालाच नाही.

मी आता तिशीत आहे. लहानपणी कुणी मान पाहिलीच नाही.

त्रास नसेल तर धावपळ नको. पुढच्या वेळी भूल घेण्याआधी किंवा दातांचा बाजूचा एक्स-रे काढाल तेव्हा मणके पाहायला सांगा. जुळलेल्या मणक्यांच्या वरचा-खालचा सांधा जास्त राबतो आणि लवकर झिजतो, म्हणून मानदुखी, हाताला मुंग्या अशा तक्रारी वयाबरोबर सुरू होऊ शकतात. तेव्हा डॉक्टरांना आपली टाळूची हकीकतही सांगा. तिचा इथे काय संबंध, असं तुम्हालाच वाटेल आणि सांगायचं राहून जाईल.

आमचं काही चुकलं का? पुढच्या बाळाचं काय?

चुकलं नाही. यातलं बरंचसं घडून जातं तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं.

आई-वडिलांपैकी कुणाला नसताना एका मुलाचा ओठ-टाळू दुभंगलेली असेल, तर पुढच्या बाळात तसं होण्याची शक्यता साधारण २ ते ५ टक्के धरतात. सिंड्रोम असेल तर हा हिशेब पूर्ण बदलतो, म्हणून आधी जनुकतज्ज्ञांना भेटा. दिवस जाण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं, ते मुख्यतः मज्जारज्जूच्या दोषांपासून वाचवतं. तंबाखू आणि धूर टाळावा, मधुमेह आधीच आटोक्यात आणावा. फिटसाठी व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेट चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून वेळेआधी बदलून घ्या.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं?

चांगलं चालणारं मूल अडखळू लागलं, हातातून वस्तू पडू लागल्या, बटणं लावता येईनात, हातापायांत बधिरपणा आला, मान वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटलं, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा पडल्यावर क्षणभर का होईना हातपाय लुळे झाले. यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी. नेताना मान आहे त्या स्थितीत आधार देऊन न्या.

फाइलमध्ये काय लिहून ठेवायचं?

पहिल्याच पानावर, लाल पेनने, एक ओळ. एक आई लिहिते तशी : ‘दुसरा-तिसरा मणका जुळलेला. मान मागे कमी जाते. नववं वर्ष पूर्ण झाल्यावरची फिल्म मागच्या खिशात आहे. भूल देण्याआधी पाहावी.’

तिच्या मुलाची आतापर्यंत चार ऑपरेशनं झाली. चारही वेळा भूलतज्ज्ञांनी खिशातून फिल्म काढून उजेडासमोर धरली.